डिनर रोलची कणीक पुरणपोळीच्या कणकेइतकी सैल ठेवा, मऊपणा तिथेच आहे

रविवारी सकाळी आमच्याकडे सेव उसळ असते. बडोद्यातल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको, वाटाण्याचा रस्सा, वर तरी, शेव, कांद्याची पात आणि सोबत पाव. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना कवळी बसवली आणि तेव्हापासून विकतचा पाव त्यांना जमेनासा झाला, आतला भाग ठीक असायचा पण वरचं साल दातांनी ओढून तोडावं लागायचं आणि कवळी हलायची. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता रस्सा वाटीत घेऊन प्यायला लागल्या. ते बघवेना म्हणून मी घरी डिनर रोल करायला घेतले, ते दुधातले, भरपूर बटरवाले, हाताने ओढले की कापसासारखे सुटणारे असतात ना, ते. आता आमच्याकडे दर आठवड्याला होतात, कधी सेव उसळीबरोबर, कधी टोमॅटो सूपबरोबर, आणि शेजारच्या मासी आणि माझी नणंद दोघी सारख्या विचारतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. पहिले चार-पाच वेळा माझे रोल घट्ट झाले. रेसिपी बरोबर, माप बरोबर, यीस्ट ताजं, तरी घट्ट. चूक कुठे होत होती तर मळताना. कणीक हाताला चिकटायची आणि आपला हात सवयीने पिठाच्या डब्याकडे जातो, मूठभर मैदा टाकला, परत चिकटली, परत टाकला. आपल्याला पोळीची कणीक मळायची सवय आहे, ती हाताला चिकटली म्हणजे बिघडली असं डोक्यात बसलेलं असतं. पण पुरणपोळीची कणीक आठवा. ती कशी असते, सैल, लोळणारी, तेल लावून लावून तिंबलेली, उचलली तर बोटांमधून लांब तार येते. होळीच्या आदल्या दिवशी आई ती कणीक मळताना कोरडं पीठ घेते का? नाही, ती तेल घेते आणि तिंबत राहते, आणि चिकट कणीक हळूहळू आपोआप गुळगुळीत होत जाते. डिनर रोलचं तसंच आहे. चिकटपणा मळून घालवायचा, पीठ टाकून नाही. एवढं एक हाताला कळलं की बाकी सगळं सोपं आहे.

आता सामान. हे १६ रोलचं माप आहे, ९ इंची चौकोनी टिनमधे चार ओळीत चार-चार असे बसतात. मैदा ४०० ग्रॅम, दूध साधारण २८५ मिली, साखर ४० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट २ सपाट टीस्पून म्हणजे ६ ग्रॅमच्या आसपास, मीठ पाऊण टीस्पून, बटर ६० ग्रॅम आणि वरून लावायला अजून २०-२५ ग्रॅम, आणि असली तर दूध पावडर २ टेबलस्पून. अंडं घालत नाही, आमच्याकडे चालत नाही आणि खरं सांगते त्याची गरजही पडत नाही. वजनकाटा मात्र घ्या. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की मोकळा भरला यावर ३०-४० ग्रॅमचा फरक पडतो आणि तेवढ्या फरकात मऊ रोलचा घट्ट रोल होतो.

मैदा घेताना पाकिटाच्या मागे प्रोटीन बघा, १०० ग्रॅममधे १० ते ११ ग्रॅम असलं तर चांगलं. हे प्रोटीन पाण्यात भिजून मळलं की ग्लुटेनची जाळी तयार होते, यीस्ट जो गॅस सोडतं तो त्या जाळीत अडकतो आणि म्हणून पाव फुगतो. जाळी कच्ची राहिली तर गॅस निसटतो, रोल बसके होतात. मैद्याला चाळणीतून काढा, पावसाळ्यात तर नक्कीच.

बटर आपलं नेहमीचं खारं अमूल चालतं, आणंद तर आपल्यापासून तासाभरावर, बटरसाठी आपण कशाला लांब जायचं. पण त्यात मीठ असतं म्हणून कणकेतलं मीठ मी पाऊण टीस्पून सांगितलंय, बिनमिठाचं बटर किंवा घरचं लोणी घेतलंत तर सपाट १ टीस्पून घ्या. घरच्या लोण्याची चव फार सुरेख येते, थोडी आंबूस, फक्त ते गार पाण्याने दोन-तीनदा धुऊन ताक पूर्ण काढून टाका आणि दुधातून एक टेबलस्पून कमी करा कारण लोण्यात पाणी राहतंच. तूप घालू नका असं नाही म्हणत मी, पण तुपाचे रोल वेगळे लागतात, नानकटाईच्या वासाचे, मला बटरचेच आवडतात.

दुधाबद्दल एक गोष्ट. जुन्या इंग्रजी रेसिपींमधे लिहिलेलं असतं की दूध आधी उकळी येण्याजवळ तापवा आणि मग गार करा. कारण कच्च्या दुधातलं एक प्रोटीन ग्लुटेनला ढिलं पाडतं, तापवलं की त्याचा त्रास राहत नाही. आपल्याकडे दूध घरात आलं की पहिलं गॅसवरच चढतं त्यामुळे ही पायरी आपली आपोआप झालेली असते. रात्रीचं तापवलेलं दूध फ्रिजमधून काढा आणि घ्या. साय असली तर तीही राहू द्या, काढू नका.

यीस्टचे प्रकार दुकानात दोन मिळतात. इन्स्टंट बारीक दाण्याचं असतं, ते सरळ मैद्यात मिसळायचं. अॅक्टिव्ह ड्राय जाडसर गोल दाण्याचं, ते आधी कोमट दुधात चिमूटभर साखर घालून १० मिनिटं भिजवावं लागतं, वर फेस आला तर जिवंत, नाही आला तर फेकून द्या, त्याच्यावर मैदा आणि बटर वाया घालवू नका. आणि कोमट म्हणजे खरंच कोमट, बाळाचं दूध मनगटावर थेंब टाकून बघतो ना तितकंच. ५५-६० डिग्रीला यीस्ट मरतं. मी एकदा घाईत चहाचं दूध बाजूला काढून ओतलं होतं, दोन तास वाट बघितली, कणीक जशीच्या तशी. उघडलेलं पाकीट बरणीत घट्ट झाकून फ्रीझरमधे ठेवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेलं यीस्ट महिन्याभरात सुस्त पडतं.

आता पहिली पायरी, पेज. ४०० ग्रॅम मैद्यातला २५ ग्रॅम मैदा काढा, २८५ मिलीतलं १२५ मिली दूध घ्या, दोन्ही गार असतानाच गुठळ्या मोडून एकत्र करा आणि मंद गॅसवर हलवत राहा. दोन-तीन मिनिटांत ते दाट होतं, चमचा फिरवला की तळावर रेघ उमटून राहते, की लगेच गॅस बंद. नेटवर याला तांगझोंग म्हणतात, नाव चिनी आहे, जपानी दुधाच्या ब्रेडमधे हे करतात. पण आपल्याला यात नवीन काही नाही, मोदकाची उकड आपण कशासाठी काढतो? तांदळाचं नुसतं पीठ गार पाण्यात मळलं तर पारी फाटते, उकड काढली की पीठ पाणी धरून ठेवतं आणि मोदक मऊ होतो. इथेही तेच, ६५ डिग्रीच्या आसपास मैद्यातला स्टार्च फुगून पाणी पिऊन घेतो आणि भट्टीतही ते पाणी सोडत नाही, त्यामुळे रोल तीन दिवस मऊ राहतात. ही पेज गार होऊ द्या, वर साय धरू नये म्हणून ताटली झाका.

मोठ्या परातीत किंवा पातेल्यात उरलेला मैदा, साखर, दूध पावडर, यीस्ट एकत्र करा, मधे गार झालेली पेज आणि उरलेलं १६० मिली दूध घाला. दूध एकदम सगळं ओतू नका, एक-दोन टेबलस्पून मागे ठेवा. पावसाळ्यात मैदा आधीच हवेतला दमटपणा घेऊन बसलेला असतो, तेव्हा कमी लागतं, मे महिन्यात पूर्ण लागतं किंवा वर चमचाभर जास्त. नुसतं चमच्याने एकत्र करा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा आणि झाकून २० मिनिटं सोडून द्या. मीठ आणि बटर अजून घालायचं नाही. या २० मिनिटांत तुम्ही काही न करता अर्धी मळणी होते, मैदा भिजतो, जाळी आपसूक जुळायला लागते. पुरणपोळीची कणीक आपण भिजवून ठेवतोच ना, तेच.

मग मीठ घाला आणि मळायला घ्या. ओट्यावर काढली तरी चालेल, परातीतही होतं. पद्धत अशी की तळव्याने पुढे ढकलायची, घडी घालायची, वळवायची, परत ढकलायची, आणि फार चिकटत असेल तर उचलून ओट्यावर आपटायची आणि स्वतःवरच दुमडायची. पहिली पाच मिनिटं वाईट वाटतं, हाताला, ओट्याला, बांगडीला सगळीकडे चिकटते, बांगड्या आणि अंगठी आधीच काढून ठेवा. तेव्हा मैद्याच्या डब्याकडे बघू नका. प्लास्टिकचा पसरट उलथना किंवा स्क्रॅपर जवळ ठेवा, त्याने ओट्यावरचं खरवडून परत गोळ्यात घ्या. सहाव्या-सातव्या मिनिटाला फरक पडलेला हाताला कळतो, कणीक हाताला चिकटायच्या ऐवजी स्वतःला धरायला लागते.

इथे बटर, मऊ झालेलं, वितळलेलं नाही, तीन-चार भागात. बटर आधी का नाही घातलं तर स्निग्धपणा मैद्याच्या कणांवर बसला की जाळी धरायला वेळ लागतो, म्हणून आधी जाळी मग बटर. पहिला तुकडा घातला की कणीक परत फाटल्यासारखी होईल, घसरेल, बिघडली असं वाटेल. बिघडलेली नाही. मळत राहा, दोन मिनिटांत पिऊन घेते, मग पुढचा तुकडा. सगळं मिळून १२ ते १५ मिनिटं हाताने लागतात, स्टँड मिक्सर असेल तर मध्यम स्पीडवर ८-१० मिनिटं. झाली का ते बघायला लिंबाएवढा गोळा घ्या आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हलके हलके ताणा, न फाटता पातळ पडदा झाला, पलीकडचा उजेड दिसला की झाली. लगेच फाटला तर अजून तीन-चार मिनिटं. तयार कणीक हाताला किंचित चिकटते पण हात उचलला की सुटते, गालासारखी मऊ लागते.

तेलाचा हात लावलेल्या भांड्यात गोळा ठेवा, झाका, दुप्पट होऊ द्या. आणि इथे दुसरी मोठी गोष्ट, घड्याळ. सगळीकडे लिहिलेलं असतं एक ते दीड तास. ते थंड देशातल्या स्वयंपाकघराचं घड्याळ आहे. मे महिन्यात बडोद्यात बाहेर ४२ असतं, स्वयंपाकघरात गॅस चालू असला तर ३५-३६ कुठेच गेलं नाही, तिथे ही कणीक ४० मिनिटांत दुप्पट होते. मी पहिल्या उन्हाळ्यात दीड तासाचा अलार्म लावून निवांत बसले होते, उघडलं तर कणीक झाकणाला टेकून परत खाली बसलेली, वास ताडीसारखा. तसेच भाजले, रोल फुगले नाहीत, आणि सासूबाई एक घास खाऊन म्हणाल्या, "अगं, मऊ आहे गं, पण आंबलंय हे. इडलीचं पीठ उन्हाळ्यात संध्याकाळी भिजवतेस का तू?" बरोबर होतं त्यांचं. इडलीचं पीठ उन्हाळ्यात आपण उशिरा भिजवतो, थंडीत लवकर, घड्याळ नाही बघत, पीठ बघतो. यीस्टचंही गणित तेच.

तर उन्हाळ्यात दूध फ्रिजमधलं गारच वापरा, यीस्ट दीड टीस्पून करा, आणि भांडं फरशीवर ठेवा, ओट्यापेक्षा तिथे गार असतं. डिसेंबर-जानेवारीत दूध कोमट घ्या, आणि भांडं बंद ओव्हनमधे ठेवून शेजारी एका पातेल्यात गरम पाणी ठेवा, तरीही दीड-दोन तास धरून चाला. तयार झाली का ते बोटाने कळतं. बोटाला पीठ लावून आत खुपसा, खड्डा हळूहळू थोडासा भरला तर तयार, लगेच उसळून वर आला तर अजून वेळ द्या, अजिबात भरलाच नाही तर जास्त झालंय, पण पहिल्या फुगण्यात जास्त झालं तरी घाबरू नका, दाबून गॅस काढा आणि लगेच गोळे करा, दुसऱ्या वेळी लक्ष ठेवा.

गोळे करण्याचं. कणीक दाबून गॅस काढा, वजन करा, साधारण ८०० ग्रॅम भरते, ५०-५० ग्रॅमचे १६ तुकडे. वजन करायचा कंटाळा करू नका, एक मोठा एक छोटा झाला की छोटा सुकतो तोवर मोठा आतून कच्चा. प्रत्येक तुकडा हातावर घेऊन कडा मधे गोळा करा आणि चिमटीने बंद करा, पुरण भरून उंडा बंद करतो अगदी तसंच. मग बंद केलेली बाजू खाली ठेवून, तळहाताची वाटी करून, ओट्यावर गोल गोल फिरवा. ओट्यावर पीठ नको, कोरडा स्वच्छ ओटा हवा, तळाला थोडी पकड मिळाली तरच वरची त्वचा ताणून गुळगुळीत होते. पीठ भुरभुरवलं की गोळा नुसता घसरत राहतो. फारच चिकटत असेल तर हाताला थेंबभर तेल. ही वरची त्वचा ताणलेली असणं महत्त्वाचं, नाहीतर रोल वर न जाता आडवे पसरतात.

टिनला बटर लावा, गोळे अर्धा-पाऊण सेंटिमीटर अंतराने ठेवा. लांब लांब ठेवू नका. फुगून एकमेकांना चिकटले पाहिजेत, कारण चिकटलेल्या बाजूला साल धरत नाही, आणि आपल्याला सालच नकोय. लादी पाव लादीमधे का भाजतात त्याचं हेच. आणि हो, पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, तिकडे ब्रेडला पाऊं म्हणतात, आणि आपले गुजराती शेजारीही तस्संच पाऊं म्हणतात, मला ते ऐकून फार गंमत वाटते.

झाकून दुसऱ्यांदा फुगू द्या, उन्हाळ्यात २५-३० मिनिटं, थंडीत तास. इथे मात्र कडक लक्ष, दुसऱ्या वेळी जास्त फुगलं तर भाजताना बसतं आणि वर सुरकुत्या पडतात. गोळे एकमेकांना टेकले, टिन थोडं हलवलं की जेलीसारखे थरथरले, बोटाने बाजूला हलकं दाबलं तर खड्डा सावकाश भरला, की झालं. आणि ओव्हन तोवर गरम हवा, म्हणजे दुसरं फुगणं अर्धं झालं की ओव्हन लावा. १८० डिग्री, दोन्ही रॉड चालू, १५ मिनिटं प्रीहीट. छोट्या ओटीजीचा, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनचा, दिवा बंद झाला तरी पाच मिनिटं जास्त थांबा, आतली हवा तापलेली असते पण भिंती आणि ट्रे तापलेले नसतात.

वरून दुधाचा हात फिरवा, ब्रशने किंवा बोटांनी, दाबायचं नाही. मधल्या रॅकपेक्षा एक खाली ठेवा कारण आपल्या ओटीजीत वरचा रॉड फार जवळ येतो. २० ते २२ मिनिटं. बाराव्या मिनिटापासून काचेतून बघत राहा, वर रंग आला की फॉइल सैल झाका आणि वेळ पूर्ण होऊ द्या. रंगावर जाऊन लवकर काढले तर मधले चार कच्चे राहतात, हे हमखास होतं. थर्मामीटर असेल तर मधल्या रोलच्या पोटात ८८ ते ९० डिग्री. नसेल तर मधले दोन रोल टिनमधेच हलकेच थोडे बाजूला करून फटीत बघा, दोरेदार कोरडं दिसलं तर झाले, ओलं चिकट दिसलं तर तीन मिनिटं अजून. पण दहा मिनिटं अजून असं करू नका, मऊ रोल कोरडे पडायला पाच मिनिटं पुरतात. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमधे पंखा फिरतो त्यामुळे १७० वर ठेवा आणि १७-१८ मिनिटांपासून बघा.

बाहेर काढल्या काढल्या, अक्षरशः टिन ओट्यावर टेकलं की, वरून बटर. गरम असताना लावलेलं बटर आत जिरतं, गार झाल्यावर लावलेलं नुसतं वर बसतं. आणि मग स्वच्छ पातळ सुती कापड, जुन्या धोतराचा तुकडा किंवा पंचा, वरून झाका. आतून येणारी वाफ कापडाखाली अडकते आणि वरचं साल मऊ पडतं. ज्या सालासाठी हा सगळा खटाटोप केला ते इथे या कापडाखाली जातं, ही पायरी सोडू नका. दहा मिनिटांनी टिनमधून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर तळ ओला होतो. आणि १५-२० मिनिटं तोडू नका, आमच्याकडे मुलं परातीभोवती उभी असतात, पण गरम तोडला की आतलं चिकट गोळा होतं आणि मग सगळे म्हणतात कच्चा राहिला.

ओव्हन नसेल तरी होतात, मी सुरुवातीला कढईतच करत होते. जाड जुनी कढई, तळात मीठ किंवा वाळूचा थर, वर रिंग किंवा स्टँड, झाकण लावून मध्यम गॅसवर १० मिनिटं तापवा, मग टिन ठेवा, गॅस मंदच्या थोडा वर, २५ ते ३० मिनिटं. वरून पांढरे राहतात, खालून छान रंग येतो. गार झाले की तव्यावर बटर टाकून उलटे टेकवा अर्धा मिनिट. चांगला कुकर यासाठी वापरू नका, कोरडा तापवून खराब होतो.

रविवारचं माझं गणित असं की शनिवारी रात्री नऊला कणीक मळते, यीस्ट फक्त १ टीस्पून, आणि तेल लावलेल्या मोठ्या डब्यात घालून सरळ फ्रिजमधे. सावकाश रात्रभर फुगते आणि चव खूप खोल येते, विकतच्या पावात ती कधी लागत नाही. सकाळी साडेसहाला काढून गारच गोळे करते, बटर थिजलेलं असतं म्हणून कणीक हाताला अजिबात चिकटत नाही, ज्यांना चिकट कणकेची भीती वाटते त्यांनी पहिल्यांदा असंच करून बघा. गार कणकेला दुसऱ्यांदा फुगायला मात्र जास्त लागतं, तास ते दीड तास. उसळीला फोडणी बसेपर्यंत रोल ओव्हनमधे जातात.

गव्हाच्या पिठाचं सगळे विचारतात. अर्धं गव्हाचं पीठ अर्धा मैदा घेतलं तर चांगले होतात, दूध दोन-तीन टेबलस्पून जास्त आणि भिजवून ठेवायचा वेळ २० ऐवजी ४० मिनिटं. पूर्ण गव्हाचे हवे तेवढे मऊ होत नाहीत, कोंड्याचे कण जाळी कापतात, मी सासूबाईंसाठी करत नाही. थंडीत हिरवं लसूण येतं तेव्हा ते बारीक चिरून वरच्या बटरमधे घाला, कोथिंबिरीबरोबर, आणि गरम रोलवर ओता, घरभर वास सुटतो. घडीचे रोलही याच कणकेचे होतात, गोळा लंबगोल लाटायचा, बटर लावायचं आणि अर्ध्यात दुमडायचा, बॉस्टनच्या पार्कर हाउस हॉटेलात १८७० च्या दशकात हे रोल सुरू झाले म्हणून त्यांना त्याच नावाने ओळखतात, तोडले की पुस्तकासारखे उघडतात आणि मधे चटणी भरायला सोयीचे.

उरलेले फ्रिजमधे ठेवू नका. फ्रिजच्या थंडीत पाव बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो, आतला स्टार्च परत कडक होतो म्हणून. दोन-तीन दिवसांचे असतील तर घट्ट डब्यात बाहेर, मे आणि पावसाळ्यात एकच दिवस कारण बुरशी लवकर धरते. त्यापुढचे पिशवीत बांधून फ्रीझरमधे, महिनाभर राहतात. खायच्या वेळी ढोकळ्याचं भांडं असतंच सगळ्यांकडे, पाणी उकळलं की जाळीच्या ताटलीवर रोल ठेवायचे, झाकणाला कापड बांधायचं म्हणजे पाणी टपकत नाही, आणि एक मिनिट वाफ द्यायची, फ्रीझरमधले असले तर तीन.